आधी जड ते उचला

वाचकाचं पत्र (संक्षिप्त):

ताई, माझं वय ४३. नोकरी करते. घरात आम्ही चौघं: मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. हवामानबदलाबद्दल वाचत गेले तसं घरात एकेक बदलत गेले. कापडी पिशव्या आणल्या, ओल्या कचऱ्याचं खत करते, चार्जर काढून ठेवते, प्लॅस्टिकचं प्रत्येक पाकीट धुऊन वेगळं ठेवते. पण आता मी घरातली पोलीस झाले आहे. कुणी दिवा चालू ठेवला की माझा आवाज चढतो. नवरा म्हणतो, "तिकडे कारखाने धूर ओकतायत आणि तू चार्जर काढतेस, काय फरक पडणार?" मला उत्तर सुचत नाही. इमारतीच्या ग्रुपवर दोनदा लिहिलं, कुणी दखल घेतली नाही. परवा मुलीने विचारलं, "आई, मी मोठी होईपर्यंत काही उरणार आहे का?" मी गप्प बसले. मी करते ते खरंच उपयोगाचं आहे, की नुसतं मनाचं समाधान? आणि घराबाहेर काही करायचं तर माझ्यासारखीने सुरुवात कुठून करायची?
– थकलेली आई

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरं उत्तर आहे. चार्जर काढल्याने जवळजवळ काहीही फरक पडत नाही. आजकालचा चार्जर रिकामा लावून ठेवला तर साधारण ०.१ वॉट वीज घेतो, वर्षभरात एक युनिटसुद्धा भरत नाही. उलट १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळपास ३ युनिट लागतात. तीन वर्षं रोज आठवणीने चार्जर काढून तुम्ही जे वाचवता, ते घरातल्या गरम पाण्यात एका दिवसात खर्च होतं. तुमचं मन मोडावं म्हणून हे सांगत नाही. तुमच्याकडे जिद्द आहे, आणि ती चुकीच्या ठिकाणी झिजते आहे याचं मला वाईट वाटतं. घरातल्या दहा गोष्टींतल्या मोजक्याच जड असतात. त्या आधी उचला, बाकीच्यांवरून आवाज चढवणं सोडून द्या.

पिशव्यांचंही तसंच आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ साली वेगवेगळ्या पिशव्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला. फक्त हवामानाचा विचार केला, तर साधी सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरावी तेव्हा ती दुकानातल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. पाणी, जमीन, रसायनं असं सगळं धरलं तर हा आकडा हजारांत जातो. प्लॅस्टिक गटारात अडकतं, जनावरांच्या पोटात जातं, म्हणून कापडी पिशवी चांगलीच. पण घरात आहेत तेवढ्या फाटेपर्यंत वापरा आणि फुकट मिळणाऱ्या नव्या नाकारा. पाकिटं धुण्यातही जीव आटवू नका. जगातल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचाच पुनर्वापर होतो, असं आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी, मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) २०२२ साली नोंदवलं आहे. वेगळं केलेलं प्लॅस्टिक पुढे कुठे जातं याची खात्री असेल तर जरूर करा. मात्र जास्त उपयोग ते पाकीट घरात न आणण्यात आहे.

आता तुमच्या खताबद्दल. ते अजिबात सोडू नका. तुमच्या यादीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट तीच आहे, आणि बहुतेक तिचं कौतुक घरात कुणी केलं नसेल. ओला कचरा कचराभूमीत ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू तिथे त्याचा मिथेन करतात. मिथेन हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. तोच कचरा हवेशीर डब्यात कुजला तर मिथेन फारच थोडा तयार होतो. म्हणून डबा अधूनमधून खालीवर करायचा आणि ओल्याबरोबर वाळलेला पालापाचोळा किंवा कागदाचे तुकडे घालायचे. आंबूस वास यायला लागला की हवा कमी पडते आहे असं समजा.

त्याच्याही एक पायरी आधी जायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. शेतापासून ताटापर्यंतची सगळी नासाडी धरली तर जगातल्या हरितगृह वायूंपैकी ८ ते १० टक्के तिच्यामुळे येतात. त्यामुळे फ्रिजमध्ये काय आहे ते बघून मग खरेदीची यादी करणं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी आधी संपवणं ही नुसती काटकसर नाही, हवामानाचं काम आहे. सासूबाईंना यात तुमच्याइतकीच, कदाचित जास्त गती असेल. हे खातं त्यांच्याकडे सोपवून बघा.

दुसरी जड गोष्ट एसी. त्याच्या विजेबद्दल सगळे बोलतात, आतल्या वायूबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबते. अनेक एसींमध्ये आर-४१०ए नावाचा वायू असतो. तो १ किलो हवेत सुटला तर सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकी उष्णता अडकते. जवळपास ९०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखंच हे आहे. आणि हा वायू वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. दरवर्षी "गॅस भरावा लागेल" असं कुणी सांगत असेल, तर गळती आहे. आधी गळती शोधून बुजवायला सांगा, भरण्याचं नंतर. जुना एसी काढताना आतला वायू हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यायला लावा आणि समोर उभं राहून बघा. नवा घ्यायची वेळ आली तर कोणता वायू आहे ते विचारा. आर-३२ चा परिणाम आर-४१०ए च्या साधारण एक तृतीयांश आहे, आणि आर-२९० म्हणजे प्रोपेनचा तर नगण्य. प्रोपेन ज्वलनशील असल्यामुळे तो बसवायला मात्र जाणकार माणूस हवा. घरातल्या सगळ्यांनी मिळून वर्षभर दिवे विझवून जे साधेल, त्याहून जास्त एका नीट बुजवलेल्या गळतीतून साधतं.

एवढं सांगून हेही सांगते की उन्हाळ्यात सासूबाईंच्या खोलीतला एसी बंद करायला जाऊ नका. उष्णतेचा सगळ्यांत जास्त धोका वयस्कर माणसांना असतो. तापमान थोडं वर ठेवून जोडीला पंखा लावा. पंख्याला एसीच्या मानाने फारच कमी वीज लागते आणि अंगावर वारा असला की दोन अंश जास्त असूनही बरं वाटतं. हवा ४० अंशांच्या वर गेली की मात्र नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटना तसं स्पष्ट सांगते.

प्रवास आणि जेवण ही आणखी दोन जड खाती. जवळच्या अंतरांना चालणं किंवा सायकल, रोजच्या प्रवासाला बस किंवा रेल्वे, टाळता येईल तो विमानप्रवास टाळणं. ताटात मांस आणि दूधदुभत्यापेक्षा वनस्पतींपासून आलेलं जास्त, विशेषतः गुरांचं मांस कमी. याबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असणार, त्यामुळे लांबण लावत नाही.

मग कारखान्यांचं काय? नवऱ्याला सांगा, त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांच्या वाट्याला साधारण निम्मं उत्सर्जन जातं. जबाबदारी सगळ्यांची सारखी नाही, आणि प्रत्येकाने आपापल्या घरातला कार्बन मोजत बसावं ही कल्पना २००० नंतरच्या दशकात एका बड्या तेल कंपनीच्याच जाहिरातींनी घरोघरी पोचवली, हे तुमच्यासारख्या दमलेल्या माणसांना कळायलाच हवं. उरलेलं अर्धं असं, की संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान समितीच्या (आयपीसीसी) २०२२ च्या अहवालात वापराच्या बाजूने होणाऱ्या बदलांचाही अंदाज आहे. लोक कसे राहतात, फिरतात, काय खातात, कशा इमारती वापरतात हे बदललं, तर २०५० पर्यंत त्या त्या क्षेत्रांतलं उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतं. पण हे एकेकट्याच्या निग्रहाने होईल असं तो अहवाल म्हणत नाही. त्यात फुटपाथ, बस, चांगल्या बांधणीच्या इमारती, परवडणारी यंत्रं हे सगळं धरलेलं आहे. फुटपाथच नसेल तर तुमच्या मुलीने शाळेत चालत जावं असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

म्हणून घरात आता एक करा. चौघं एकत्र बसा आणि तीनच गोष्टी ठरवा. माझ्या मते अन्न वाया जाऊ न देणं, एसी आणि गरम पाणी या तीन असाव्यात, पण ठरवा सगळ्यांनी मिळून. आणि शक्य असेल तिथे रोज लक्ष ठेवावं लागणार नाही अशी व्यवस्था करा: गिझरला टायमर, एसीचं तापमान एकदा ठरवून ठेवलेलं, सगळीकडे एलईडी. ६० वॉटच्या जुन्या दिव्याइतका उजेड एलईडी ९-१० वॉटमध्ये देतो, मग कुणी तासभर विसरला तरी ओरडण्यासारखं काही राहत नाही. बाकी सगळ्याला माफी. तुमचा आवाज घरात खाली आला, तर त्याच घरातली माणसं बाहेरच्या कामात तुमच्याबरोबर उभी राहतील. नाहीतर तुम्ही बाहेरही एकट्याच.

मुलीच्या प्रश्नापुढे तुम्ही गप्प बसलात, त्याचं ओझं घेऊ नका. पण आता तिच्याशी बोला. २०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींना विचारलं, तेव्हा ५९ टक्क्यांनी हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. ती एकटी नाही हे तिला कळू द्या. "सगळं ठीक होईल" असं मात्र म्हणू नका, तिला ते खोटं वाटेल. खरं ते सांगा. तापमानवाढ रोखण्यासाठी देशांनी पॅरिस करार केला त्या २०१५ च्या सुमारास जग शतकाअखेरीला ३ ते ३.५ अंशांच्या तापमानवाढीकडे चाललं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे सध्याच्या धोरणांनी ती सुमारे २.८ अंशांवर जाईल. हे अजून फार जास्त आहे, धोकादायक आहे. पण आकडा खाली आला तो माणसांनी घेतलेल्या निर्णयांमुळे, आणि यातला प्रत्येक दशांश अंश कुणाच्या तरी शेताचा, घराचा, जिवाचा आहे. "उरणार की नाही" असा हा प्रश्नच नाही. किती वाचवायचं हे अजून ठरायचं आहे आणि ते ठरवण्यात तिचाही वाटा आहे.

तिला ओझोनची गोष्टही सांगा. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या ओझोनचा थर भयंकर विरळ झाल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो मान्य केला आणि ओझोनचा नाश करणारे वायू जवळजवळ बंद झाले. आता बहुतेक जगावरचा थर २०४० च्या आसपास आणि अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मघाशी सांगितलेले एसीतले वायू त्या बंद केलेल्या वायूंच्या जागी आले. तेही कमी करायचे असं २०१६ साली रवांडातल्या किगालीमध्ये त्याच करारात जोडलं गेलं. तुमच्या घरातल्या गळतीचा आणि जगाच्या कराराचा संबंध चौदा वर्षांच्या मुलीला उत्तम कळतो. गळती बघायला माणूस येईल तेव्हा प्रश्न तिलाच विचारू द्या.

आता घराबाहेरचं. ग्रुपवर कुणी उत्तर दिलं नाही म्हणून कुणाला पर्वा नाही असं तुम्ही धरून चालला आहात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांना विचारलं होतं, की हवामानासाठी दरमहा उत्पन्नातला १ टक्का द्याल का? ६९ टक्के हो म्हणाले. पण आपल्या देशातले इतर किती लोक हो म्हणतील, यावर त्यांचा सरासरी अंदाज फक्त ४३ टक्के होता. सगळेच एकमेकांना बेफिकीर समजून गप्प बसतात. तुमच्या इमारतीतही तेच चाललं असण्याची दाट शक्यता आहे.

म्हणून ग्रुपवर लिहिणं थांबवा आणि दारं वाजवा. सोबतीला दोन माणसं पुरतात. आणि सूचना लिहायची वेळ येईल तेव्हा "लोक कचरा वेगळा करत नाहीत" असं चुकूनही लिहू नका. अमेरिकेतल्या एका हॉटेलात केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. "पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा" असं लिहिलेल्या खोल्यांत ३७ टक्के पाहुण्यांनी ते ऐकलं. "या खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला" असं लिहिलं तिथे ४९ टक्क्यांनी. तुमच्या इमारतीतली दहा घरं कचरा वेगळा करत असतील तर ते दहा घरांचं सांगा. पुढच्या महिन्यात बारा झाली की बारा.

काम एकच निवडा आणि ते मोजता येण्यासारखं असू द्या. इमारतीत बहुधा सगळ्यांत सोपं सामाईक विजेचं असतं: जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, पाण्याचा पंप. मागच्या बारा महिन्यांची सामाईक बिलं कमिटीकडून मागून घ्या आणि एका कागदावर युनिट लिहून काढा. दिवे बदलले, जिन्यात माणूस आला की लागणारे सेन्सर बसवले, टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हायला लागला, की पुढच्या बिलांत फरक दिसतो. ज्यांना हवामानाशी काही देणंघेणं नाही त्यांनाही बिल वाचता येतं. ते पैसे वाचले की त्यातूनच गच्चीवर सौरपॅनेल किंवा सगळ्यांसाठी खताचा मोठा डबा, असं पुढचं काम मागा.

एलिनॉर ऑस्ट्रम या अभ्यासिकेने जंगलं, कुरणं, कालवे अशा सामाईक गोष्टी लोक कसे सांभाळतात हे आयुष्यभर पाहिलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांना दिसलं ते असं, की जे वापरतात त्यांनीच नियम केले, त्यांनीच देखरेख केली आणि चुकणाऱ्याला आधी सौम्यपणे सांगितलं, तर सामाईक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकते. वरून लादलेला नियम तसा टिकत नाही. इमारतीत हे लक्षात ठेवा: नियम तुम्ही लिहून नेऊ नका, बैठकीत सगळ्यांकडून करून घ्या. तुमच्या मसुद्यापेक्षा तो कच्चा असेल, चालेल.

इमारतीत एखादं काम तडीस गेलं की वॉर्डाकडे वळा. तिथे फुटपाथ, बसथांब्यावर सावली, सुरक्षित सायकलमार्ग, असलेली मोठी झाडं वाचवणं, ओल्या कचऱ्याची वेगळी गाडी अशा गोष्टी ठरतात. मला विचाराल तर नवी झाडं लावण्याच्या कार्यक्रमांपेक्षा उभी असलेली झाडं राखण्यात तुमचा वेळ घाला. रोपाला मोठ्या झाडाइतकी सावली द्यायला अनेक वर्षं लागतात, आणि पाणी घालायला माणूस नसेल तर ते तिथवर पोचतही नाही. शहरं बदलतात, आणि बरेचदा लहानशा मागणीतून बदलतात. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७४ साली रविवारी काही रस्ते गाड्यांसाठी बंद ठेवायला सुरुवात झाली. आज तिथे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी १२० किलोमीटरहून जास्त रस्ते चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे असतात. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ पासून पालिकेच्या खर्चाचा काही भाग रहिवाशांना बैठकांतून ठरवू दिला. पाणी आणि मलनिःसारण या गरिबांच्या वस्त्यांतल्या मागण्या त्यामुळे पुढे आल्या, आणि ही पद्धत पुढे जगभरच्या शहरांनी उचलली.

दोन गोष्टी आधी शोधून काढा: तुम्हाला हवा तो निर्णय नेमका कुणाच्या सहीने होतो, आणि तुमच्याकडे अंदाजपत्रक कधी ठरतं. पुष्कळ चांगल्या मागण्या अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर पोचतात आणि वर्षभर पडून राहतात. काही महिने आधी जा. अर्ज एका पानाचा असावा आणि त्यात मागणी एकच असावी. जागा नेमकी सांगा, फोटो जोडा, आणि त्या रस्त्यावरून सकाळच्या एका तासात किती मुलं चालत जातात ते मोजून लिहा. ते मोजायला मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना बरोबर घ्या. सह्या तुमच्या दोन सोबत्यांच्या हव्यातच, शेजारच्या इमारतींतल्याही मिळाल्या तर उत्तम. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, उत्तर कधीपर्यंत मिळेल ते तिथेच विचारून त्याच प्रतीवर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी उत्तर आलं नसेल तर तुम्ही आणि ते दोन सोबती मिळून पुन्हा जा.